फुटली ती बाद

डोळ्यांच्या डॉक्टरने बायकोला सांगितलं, "यापुढे डोकं खाली घालून कुठलंही काम करायचं नाही," तेव्हा मला हसू आवरलं नाही. एकतीस वर्षांच्या संसारात तिने कोणासमोर डोकं खाली घातल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. अपवाद फक्त भोपळ्यांचा. त्यांच्यासमोर मात्र ती रोज साडेनऊ ते दीड गुडघे टेकून, मान मोडून बसायची.

डॉक्टरला माझं हसणं आवडलं नसावं. त्याने कागदावर डोळ्याचं चित्र काढलं. बरंचसं कांद्यासारखं होतं.

"डाव्या डोळ्याची नस गेलेली आहे, ती परत येत नाही. आता उजव्यात दाब चढायला लागलाय. डोकं खाली गेलं की तो आणखी चढतो. काकू, अजून एक हंगाम असा काढलात तर उजवाही हातचा जाईल."

मग मात्र माझं हसू आपोआप आवरलं.

जिना उतरताना ती म्हणाली, "उजवा गेला तर तुम्ही दिसायचे बंद व्हाल मला."

"तेवढंच एक सुख."

"सुख कसलं! आवाज येतच राहणार की."

तिने माझा दंड धरला होता. एरवी धरत नाही. डावीकडच्या पायऱ्या तिला दिसत नव्हत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही दोघंही एकाच बीजकेंद्रात नोकरीला. ती काचघरात कुंचला फिरवते, मी चिठ्ठ्या लिहितो. भोपळ्याच्या वेलावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. नराचे पराग मादीपर्यंत पोचवण्याचं काम बाहेरच्या जगात मधमाश्या करतात. आमच्याकडे ते बायको करायची. उद्या उमलणार अशा कळ्या आज दुपारीच हेरायच्या आणि त्यांची टोकं दोऱ्याने बांधायची, म्हणजे परका पराग आत जाणार नाही. सकाळी दोरा सोडायचा, अंगठ्याने पाकळ्या अलग करायच्या, कुंचला फिरवायचा, पुन्हा दोरा. मग मी देठाला चिठ्ठी अडकवायची. एखादी कळी दोऱ्याला न जुमानता आपल्या आपण उमललेली सापडली, तर ती अशुद्ध. तिच्या चिठ्ठीवर मी लिहायचो, 'फुटली. बाद.' बाद कळीचं फळ धरायचं नाही, बी ठेवायचं नाही.

आता त्या काचघरात माशी शिरायला सुईएवढी फट नव्हती. परका पराग येणार कुठून? पण नियमात माशी होती, आणि नियमातल्या माशीला फट लागत नाही. तेरा वर्षं, वर्षाला दोन पिकं, म्हणजे भोपळ्याच्या सव्वीस पिढ्या मी इमानाने बाद करत आलो. माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात.

डॉक्टरकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख. मनाने चांगला माणूस. फक्त प्रत्येक गोष्ट आधीपासूनच ठरलेली होती, असं त्यांना वाटायचं. बायकोने सरळ सांगितलं, "साहेब, मला डोळा हवाय. कुंचला दुसऱ्या कोणाला द्या, नाहीतर माश्यांना द्या."

"माश्यांचं माझ्या मनात होतंच," साहेब म्हणाले. त्यांच्या मनात काहीही नव्हतं. "आपल्याच आवारात मधमाश्यांचा विभाग आहे. अर्ध्या काचघरात प्रयोग करू. पंधरा दिवस. माश्यांनी काम उचललं की तुम्ही मोकळ्या."

मोकळ्या, हा शब्द ती घरी येईपर्यंत तोंडात घोळवत होती. संध्याकाळी तिने लेकीला फोन केला. लेक दुसऱ्या शहरात असते, तिला सातवा महिना होता. "येतेय गं. पंधरा दिवसांत येतेय. आणि खाली वाकायची कामं मला सांगायची नाहीत, बाळाला वर उचलून हातात द्यायचं."

मधमाश्यांच्या विभागात एकच माणूस. पेट्या सांभाळतो म्हणून सगळे त्याला पेटीमास्तर म्हणत. सुरांशी त्याचा संबंध नव्हता. त्याचं आवार आमच्या काचघरापासून शंभर पावलांवर होतं, पण तेरा वर्षांत त्याची एक माशी आमच्याकडे आलेली नव्हती की आमचं एक फूल त्याच्याकडे गेलेलं नव्हतं. तसा आदेशच होता.

प्रयोगाच्या सकाळी त्याने दोन पेट्या ढकलगाडीवरून आणल्या, लेकीला सासरी पोचवायला आल्यासारखा चेहरा करून.

"चावत नाहीत ना?" मी विचारलं.

"चावतील कशाला? बाहेरच पडत नाहीत फारशा. शेजारच्या वसाहतीतून तक्रारी यायच्या पूर्वी. पोरांना डंख, वाळत घातलेल्या कपड्यांवर डाग. साहेब म्हणाले, बंदोबस्त करा. मग मी ठरवलं, ज्या पेटीच्या माश्या फार भटकतात तिची राणी काढून टाकायची. ज्या गुमान पेटीत बसून साखरेचा पाक खातात त्यांच्या राणीची पोरं वाढवायची. गेली दहा वर्षं एक तक्रार नाही. मला प्रशस्तिपत्र आहे."

"पाहिलंय. मीच लिहिलंय ते," मी म्हणालो.

त्याने पेट्यांची दारं उघडली. आम्ही चौघं, म्हणजे साहेब, पेटीमास्तर, बायको आणि मी, लग्नघरात वरात यायची वाट पाहावी तसे उभे राहिलो. पाच-सात माश्या दारात आल्या. त्यांनी उंबऱ्यावर थोडी ये-जा केली, पाय पुसले, आणि पुन्हा आत गेल्या.

"उजेडाची सवय नाही," पेटीमास्तर म्हणाला.

अकरा वाजले. काचघरातला अर्धा भाग पेटीमास्तरच्या ताब्यात होता, त्या भागात आम्ही दोरे बांधलेलेच नव्हते. वेलावर कळ्या भरपूर. पिवळ्या, टोकदार, मिटलेल्या. मी माझ्या घड्याळाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती एका कळीकडे एकटक बघत होती, उजवा डोळा बारीक करून.

"अहो," ती हळूच म्हणाली, "ह्या उमलत का नाहीत?"

मला वाटलं उद्या उमलतील. दुसऱ्या दिवशीही त्या मिटलेल्याच होत्या. तिसऱ्या दिवशी टोकं तपकिरी झाली. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही आत शिरलो तेव्हा काचघरात कोणीतरी चालतंय असं वाटलं. टप. थोडा वेळ काहीच नाही. पुन्हा टप. कळ्या न उमलताच देठापासून सुटून खाली पडत होत्या. एकही आधी उमललेली नव्हती. बायकोने एक उचलून माझ्या तळहातावर ठेवली. मुठीसारखी घट्ट होती ती. आत काय धरून ठेवलंय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही तिने.

साहेबांनी मुख्य कचेरीला पत्र धाडलं की मधमाश्या निकामी आहेत. पेटीमास्तरने त्याच पत्राखाली टीप जोडली की फुलं निकामी आहेत. दोघांचं म्हणणं खरं होतं, असं आमच्या केंद्रात पहिल्यांदाच घडलं.

मुख्य कचेरीने एक संशोधक बाई पाठवली. तिशीची असेल, पायात बूट, खांद्याला नमुन्यांची थंड पेटी, आणि जी कोणी भेटेल तिला काकू, जो कोणी भेटेल त्याला काका. तिने ताज्या वेलांची पानं घेतली, पेटीतल्या माश्या घेतल्या आणि विचारलं, "तेरा वर्षांपूर्वीचं बी असेल ना?"

"सात वर्षांवरचं बी जाळायचं, असा नियम आहे," मी सांगितलं.

"सगळं?"

"नियम सगळ्यालाच असतो."

"मग पानं?"

पानं होती. दर पिढीत प्रत्येक वेलाचं एक पान मी वहीत चिकटवून ठेवायचो, कारण पानांचं काय करायचं याबद्दल नियमच नव्हता. तिने माझ्या वह्या छातीशी धरून नेल्या. तीन आठवड्यांनी ती परत आली आणि जेवणाच्या खोलीत आमच्यासमोर बसली. तिच्यापुढचा चहा निवत गेला, साय धरली, तरी तिने हात लावला नाही.

"काका, एकेका जनुकाचे दोन-दोन, तीन-तीन प्रकार असतात. समजा, पाकळ्या सोडवणारं एक जनुक आहे. त्याचा एक प्रकार चालू, एक बंद. तुमच्या पहिल्या वहीतल्या पानांत दोन्ही सापडले. बंद प्रकार शंभरात एखादा. नवव्या पिढीत तो निम्म्यावर आलाय. सव्विसाव्या पिढीत चालू प्रकार मला एकाही पानात मिळाला नाही. वासाच्या जनुकाचंही तेच."

"वासाचं कसं काय?" मी विचारलं. "वासाचा तर आमच्याकडे नियम नव्हता."

बायको खाली बघायला लागली, मग डॉक्टर आठवला असावा, तिने मान वर केली. "वासाने माझं डोकं उठायचं," ती म्हणाली. "अर्धशिशी. जास्त वासाचे वेल मी शेवटाला ठेवायचे. तिथे पोचेपर्यंत दीड वाजून जायचा. मग राहूनच जायचे."

संशोधक बाईने मान हलवली. तिला राग आलेला नव्हता, तेच जास्त वाईट वाटत होतं.

"फूल आणि माशी एकमेकांना घडवत असतात," ती म्हणाली. "फूल वास सोडतं, उमलतं; ज्याच्याकडे माशी जाते त्याचं बी होतं. माशी बाहेर पडते, वास हुंगते. जिला फूल सापडतं तिचं पोळं वाढतं. लाखो वर्षं दोन्हीकडून ओढाताण चाललेली असते, म्हणून ती दोरी ताठ राहते. इथे फुलाला माशीची गरज उरली नाही. तिकडे मास्तरांच्या पेटीत माशीला फुलाची उरली नाही. मी माश्याही तपासल्या. भटकणाऱ्या माश्यांचं जे काही होतं ते त्यांच्यातून गेलंय. दोन्ही टोकं तुम्ही सोडलीत, एकाच आवारात, एकमेकांना न विचारता."

"म्हणजे आम्ही माशीच्या जागी बसलो," मी म्हणालो.

"काकू माशी झाल्या. तुम्ही नाही."

"मग मी कोण?"

"तुम्ही दुष्काळ, काका. कोणी जगायचं नाही ते तुम्ही लिहीत होता. जी कळी स्वतः उमलेल ती मरेल. सव्वीस पिढ्या एकदाही चुकला नाहीत तुम्ही. इतका कडक दुष्काळ निसर्गातसुद्धा पडत नाही."

माझ्या नेमकेपणाचं इतकं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात फोन सुरू झाले. त्या वर्षी पहिल्यांदाच आमचं नवं बी आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांत गेलं होतं. जुनी वाणं परत घेऊन जाळलेली आणि त्या बदल्यात हे दिलेलं, रोगाला दाद न देणारं, खात्रीचं. पहिला फोन मी घेतला. पलीकडचा माणूस खुशीत होता. "वेल असा माजलाय म्हणून सांगू! कळ्या तर मोजवत नाहीत. फूल अजून एक नाही, पण येईल, नाही का?"

"येईल," मी म्हणालो.

दुसरा फोन, तिसरा. सहाव्या फोनवर एक म्हातारी बोलत होती. ती काही विचारत नव्हती, नुसतंच सांगत होती. "माझ्या बांधावर रानमाश्या यायच्या, त्या घिरट्या घालून गेल्या हो. चार दिवस आल्या. आता येत नाहीत. पहाटेपासून मळा गप्प आहे."

साहेबांनी बायकोला बोलावलं. या वेळी त्यांनी काहीच आधीपासून ठरवलेलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "पुढच्या वर्षी लावायला तरी बी हवं. हातानेच करावं लागेल. दुसऱ्या कोणाला शिकवा."

पॅकिंगच्या खोलीतल्या तिघी जणी आल्या. तरुण, तीक्ष्ण डोळ्यांच्या, कामाला वाघ. बायको स्टुलावर ताठ बसून त्यांना सांगायची आणि त्या गुडघ्यांवर बसून करायच्या. कळीच्या पाकळ्या इतक्या घट्ट चिकटलेल्या असत की सोडवताना आतला मादीचा गोंडाच मोडून यायचा.

"काकू, ही अशीच आहे का जन्मापासून?" एक वैतागून म्हणाली.

"जोर नको लावूस गं. कुशीवर वळवतात ना बाळाला, तसं. अंगठा खालून."

"अंगठा खालूनच आहे!"

"माझा असतो तसा नाही."

तिघींनी मिळून दोनशे कळ्या सोडवल्या. अकरा फळं धरली. मी स्वतः चाळीस करून पाहिल्या. माझं एकही धरलं नाही. मला आश्चर्य वाटलं नाही; दुष्काळाच्या हाताला काय यश येणार? मग एके सकाळी मी अजून चिठ्ठ्यांच्या पिशव्या खांद्यावरून उतरवत होतो, तोवर बायकोने स्टूल वेलाच्या अगदी मधोमध ओढलं, बसली, पाठ ताठ, हनुवटी वर, नजर छताच्या काचेकडे. आणि दोन्ही हात खाली पानांत सोडले.

"काय करतेयस?"

"डॉक्टर डोकं खाली घालू नका म्हणालाय. हातांबद्दल काही बोललेला नाही."

"दिसत नाही तर सापडतील कशा?"

"तेरा वर्षं हात घातलाय मी. गप्प बसा जरा."

तिची बोटं पानांखाली चालत गेली. थांबली. अंगठा वळला. मला खालून बारीकसा आवाज आला, ओठ विलग होताना येतो तसा. कुंचला, दोरा. "चिठ्ठी," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने साठ कळ्या केल्या. पन्नासावर फळं धरली. साहेब बघायला आले आणि म्हणाले, ही पद्धत त्यांच्या मनात होतीच. त्यांनी उंच पाठीचं नवं स्टूल मंजूर केलं. महिन्याने डॉक्टरने दाब मोजला आणि दोनदा मोजला. "स्थिर आहे," तो म्हणाला. "उजवा डोळा वाचला, काकू. असंच डोकं वर ठेवा." येताना जिन्यात ती एकटी उतरली. मला इतका आनंद झाला होता की मी तिच्या डाव्या बाजूने चालायचं विसरलो.

लेकीचा फोन आला. मुलगा झाला होता. "आई, कधी येतेस?"

"हे पीक झालं की."

"सातव्या महिन्यात तू पंधरा दिवस म्हणाली होतीस."

"अगं, मीच नसले तर इथे कोण..." फोन ठेवून ती खुर्चीत बसली. हात मांडीवर, बोटं थोडी वाकलेली. काहीतरी चाचपडत होती.

चिठ्ठ्या लिहिताना देठ धरावा लागतो, म्हणून ते माझ्या लक्षात आलं. सुरुवातीला कळ्या नेहमीसारख्याच लागत, काही लवदार, काही गुळगुळीत. मग एक दिवस मी ओळीने पंधरा चिठ्ठ्या अडकवल्या आणि पंधराही देठ माझ्या बोटांना खरखरीत लागले. केसाळ, मांजरीच्या जिभेसारखे. मी गुडघ्यांवर बसून पानं वर केली. गुळगुळीत कळ्या तिथेच होत्या, खरखरीत कळ्यांच्या शेजारी, तितक्याच टपोऱ्या. तिच्या बोटांना त्या सापडल्याच नव्हत्या. त्या चार दिवसांत पडणार होत्या.

मला संशोधक बाई आठवली. पण आता फोन करून काय सांगणार? चालू प्रकार अजून कुठे मिळतो का ते ती बघतच होती. मी स्वतःही तीन सकाळी एकेक वेल धुंडाळला. आपल्या आपण उमललेली एक तरी कळी मिळाली, तर चिठ्ठीवर खोटं लिहायचं, 'ठीक' लिहायचं, असं ठरवून गेलो होतो. तेरा वर्षांत पहिल्यांदा मी खोटं लिहायला तयार झालो होतो. लिहायला कळीच मिळाली नाही.

"एक सांगू?" चौथ्या सकाळी मी तिला म्हणालो. "तू खरखरीत तेवढ्याच घेतेयस."

"मला सापडतात त्या घेतेय."

"तेच. बी त्यांचंच होणार. पुढच्या पिढीत सगळ्या खरखरीत येणार. त्याच्या पुढच्या पिढीत आणखी."

"मग बरंच झालं की," ती छताकडे बघत म्हणाली. "मला सोपं जाईल."

"तुला सोपं जाईल, आणि तू सोडून जगात कोणाला सापडणार नाहीत!"

तिचा उजवा डोळा काचेतून वर आभाळाकडे लागला होता, स्वच्छ, निरोगी, आणि त्याला करायला काही काम नव्हतं. खाली तिची बोटं चाललेलीच होती.

मी वाकलो, तिचं मनगट धरलं आणि तिचा हात एका गुळगुळीत कळीवर ठेवला. चांगली कळी होती. भरलेली, पिवळी, दुसऱ्या कोणत्याही वर्षी तिने आधी हीच हेरली असती. तिच्या बोटांनी ती टोकापासून देठापर्यंत चाचपली, एकदा, दोनदा.

"काय हे," ती म्हणाली. "पान आहे हे. वेळ नका घालवू माझा." तिने हात सोडवून घेतला, दोन वीत पलीकडे नेला, आणि तिथे काहीतरी होतं ते जणू तिच्या बोटांकडे सरकलं, इतक्या पटकन ते तिच्या हाताशी लागलं. अंगठा वळला. खालून तो आवाज आला.

"चिठ्ठी," ती म्हणाली.

मी टोपण काढलं आणि लिहिलं.